नवा हेडफोन, जुना हेडफोन आणि मधला कान

(निफाड येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विषयाची पाटी वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हेडफोनशी काय करायचंय? हा तर मोबाइलच्या दुकानातला विषय. पण 'नव्याचा आवाज चांगला की जुन्याचा' हा प्रश्न आज घराघरांत निघतो, आणि त्याचं उत्तर देताना ज्ञानमीमांसेतले निम्मे प्रश्न नकळत येऊन जातात. आपल्याला हे कळलं कशावरून? जे कळलं ते वस्तूबद्दल आहे की आपल्याबद्दल? वर्गात हेच प्रश्न मी बरीच वर्षं शिकवले, तेव्हा मुलं जांभया द्यायची. हेडफोन म्हटलं की तीच मुलं सरसावून बसतात.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. समोर माझ्या वयाची मंडळी बरीच दिसताहेत. आपल्यातले कितीतरी जण म्हणतात, "हल्लीच्या हेडफोनमध्ये ती मजा नाही. आवाज नुसता घुमतो, शब्द कळत नाहीत." हे वाक्य हेडफोनबद्दल खरं असू शकतं. ते आपल्या कानाबद्दलही खरं असू शकतं. यातलं कोणतं, हे ओळखता आलं नाही तर माणूस दोन-तीन हेडफोन बदलतो, आवाज वाढवत नेतो आणि कानाच्या डॉक्टरांकडे जायला पाच वर्षं उशीर करतो. म्हणून एक साधी, बिनखर्चाची तपासणी मी आज सांगणार आहे. पण आधी तिच्यामागचा विचार.

'चांगला' म्हणजे काय?

पहिल्यांदा शब्द साफ करून घेऊ. 'चांगला आवाज' या शब्दांत आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक म्हणजे यथार्थ आवाज: जसं मुद्रण झालं तसं कानापर्यंत पोचवणारा. दुसरा म्हणजे रुचणारा आवाज. या दोन गोष्टी नेहमी एकत्र येतातच असं नाही.

उदाहरण घ्या. नोव्हेंबर 1902 मध्ये कलकत्त्याला फ्रेड गायस्बर्ग या तंत्रज्ञाने गौहरजान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायक एका कर्ण्यात तोंड घालून गायचा आणि त्या हवेच्या जोरावर सुई मेणावर रेघ ओढायची. विजेवर चालणारं मुद्रण 1925 च्या सुमारास आलं. त्याआधीच्या तबकड्यांत खालचे खर्जाचे आणि वरचे बारीक स्वरांश जवळजवळ नाहीतच, मधला एक अरुंद पट्टा तेवढा आहे. आता ही तबकडी आज कुणीतरी संगणकावर उतरवलेली आहे असं समजा. जुन्या, वरचे स्वर न दाखवणाऱ्या हेडफोनवर ती ऐकली तर गाणं पुढे येतं आणि खरखर मागे राहते. नव्या, बारीकसारीक दाखवणाऱ्या हेडफोनवर ऐकली तर सुईची प्रत्येक खरखर कानात टोचते. मग आपण म्हणतो, "जुनाच बरा होता बुवा." रुचण्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण नवा हेडफोन खोटं बोलत नाहीये, तबकडीची जी अवस्था आहे तीच तो सांगतोय. आरशात सुरकुत्या दिसल्या म्हणून आरसा वाईट ठरत नाही.

तेव्हा तुलना करण्याआधी स्वतःला विचारावं: मी यथार्थता तपासतोय की माझी आवड? दोन्ही प्रश्न योग्य आहेत. घोटाळा होतो तो एकाचं उत्तर दुसऱ्याला दिल्यामुळे.

हेडफोन म्हातारा होतो कुठून?

आता वस्तूकडे वळू. हेडफोनच्या आत असतो एक इवलासा स्पीकर. त्याला ड्रायव्हर म्हणतात. एक पातळ पडदा, त्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं आणि एक चुंबक. बव्हंशी हेडफोन अजून याच तत्त्वावर चालतात. जर्मनीत बायरनं 1937 मध्ये या पद्धतीचा हेडफोन आणला, अमेरिकेत जॉन कॉस यांनी 1958 मध्ये स्टिरिओ हेडफोन घरगुती श्रोत्यापर्यंत नेला, आणि 1979 मध्ये सोनीच्या वॉकमनने तो रस्त्यावर आणला. आपल्याकडे मुंबईहून किंवा आखातातून येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेत तो यायचा, नारिंगी किंवा काळ्या स्पंजाचा, आठवत असेल.

आता गंमत अशी की हा पडदा आणि हे चुंबक, फार जोरात वाजवून फाडलं नाही तर, वीस-तीस वर्षं सहज टिकतात. म्हातारी होते ती गादी. कानावरचा फोम दबतो, त्यावरचं रेग्झीन दमट हवेत सोलपटतं, भुगा होतो. गादी दबली की पडदा कानाच्या जवळ येतो आणि कडेने फट राहते. त्या फटीतून पहिल्यांदा निसटतो तो खर्ज. तबल्याचा डग्गा पातळ वाटायला लागतो आणि आपण म्हणतो "हेडफोनचा जीव गेला." जीव गेलेला नसतो, गादी बसलेली असते. ती काही शे रुपयांत बदलून मिळते. कानात खुपसायच्या इअरफोनचं दुखणं वेगळं: त्याच्या जाळीत मळ बसतो आणि वरचे बारीक स्वर अडतात. वायरवाल्याची वायर पिनेपाशी तुटते. म्हणजे 'जुना' हा काही एक गुण नाही. जुना म्हणजे नेमकं काय झिजलं, ते विचारायला हवं.

आणखी एक अन्याय आपण जुन्यावर करतो. पूर्वीचे चांगले हेडफोन हे मोठ्या ॲम्प्लिफायरसाठी बनवलेले असायचे. सेनहायझरचा एचडी 600 घ्या. तो 1997 मध्ये आला आणि आजही विकला जातो. त्याचा विद्युतरोध आहे 300 ओहम. मोबाइलबरोबर वापरायचे हेडफोन साधारण 16 ते 32 ओहमचे असतात. तो 300 वाला मोबाइलला जोडला तर आवाज बारीकच येणार. मग 'जुना कमजोर' असा निकाल! मोटेच्या बैलाला सायकलची घंटी बांधून पळायला सांगावं, तसं झालं.

नव्यात काय नवीन आहे? वायर गेली. ब्लूटूथवर आवाज पाठवताना तो दाबून, गाठोडं बांधून पाठवावा लागतो. त्यात काही अंश गळतो, पण आजच्या चांगल्या पद्धतींत तो फरक डोळे झाकून ओळखणं बहुतेकांना अवघड जातं. नव्यात एक चिप असते. ती आवाजाला आकार देते, पुष्कळदा कारखान्यातच खर्ज वाढवून ठेवलेला असतो. आणि तिसरं, बाहेरचा गोंगाट मारण्याची युक्ती. अमर बोस यांचं नाव ऐकलं असेल. वडील बंगालचे, स्वातंत्र्य चळवळीतले, इंग्रजांपासून निसटून अमेरिकेत गेलेले. 1978 मध्ये विमानप्रवासात इंजिनाच्या घरघरीने गाणं ऐकू येईना, तेव्हा बोस यांनी तिथेच बसून या कल्पनेची आकडेमोड सुरू केली. बाहेरची लहर मायक्रोफोनने टिपायची, तिच्या नेमकी उलट लहर आत सोडायची, दोन्ही एकमेकींना खातात. सतत चालणारी जाडी घरघर, म्हणजे एसटीचं इंजिन, पंखा, यावर हे छान चालतं. शेजारच्या सीटवरच्या गप्पांवर तितकं चालत नाही.

आणि नव्याची एक उणीव: त्यात बॅटरी आहे, आणि ती काही वर्षांत दमते. छोट्या इअरबड्समध्ये ती बदलणं जवळपास अशक्य. म्हणजे आवाज उत्तम असूनही वस्तू मरते. जुन्याची गादी मरायची, जीव राहायचा. नव्यात उलटं आहे.

तुलना करताना मन काय करतं?

इथपर्यंत वस्तू झाली. आता मनाकडे येऊ, कारण खरी फसगत तिथे आहे. चार गोष्टी सांगतो.

पहिली, मोठा आवाज. दोन हेडफोनपैकी एक किंचित मोठा वाजत असेल, इतका किंचित की 'मोठा आहे' हे जाणवतही नाही, तरी तोच आपल्याला 'चांगला', 'भरदार', 'मोकळा' वाटतो. याला कारण आहे. 1933 मध्ये अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं की हळू आवाजात आपला कान खर्ज फार कमी ऐकतो, आवाज वाढवला की खर्ज वर येतो. म्हणजे नुसतं बटण फिरवलं तरी गाण्याचा पोत बदलतो. आवाज समान न करता केलेली तुलना म्हणजे एका पारड्यात आधीच अंगठा दाबून केलेलं वजन.

दुसरी गोष्ट, स्मृती. "दहा वर्षांपूर्वी माझ्याकडे जो होता, त्याची सर याला नाही." हे वाक्य जरा उलगडून बघा. त्यात एका बाजूला आहे प्रत्यक्ष, आत्ता ऐकलेलं. दुसऱ्या बाजूला आहे स्मृती. आपल्या न्यायशास्त्रात अन्नंभट्टाने तर्कसंग्रहात ज्ञानाचे पहिलेच दोन भाग केले ते असे: स्मृती वेगळी आणि अनुभव वेगळा. आणि प्रमा म्हणायचं ते यथार्थ अनुभवाला. स्मृती खोटी असते असं त्यांना म्हणायचं नाही, पण ती नवं ज्ञान देत नाही, जुन्याचा ठसा देते. आता आधुनिक मानसशास्त्र असं सांगतं की आवाजाच्या बारीक पोताचा ठसा तर काही सेकंदांतच फिका पडतो. गाणं लक्षात राहतं, शब्द राहतात, ते ऐकताना जवळ कोण होतं ते राहतं. डग्ग्याचा नेमका घुमारा राहत नाही. मग आपण दहा वर्षांपूर्वीच्या कशाशी तुलना करतो? बहुधा त्या वयाशी.

तिसरी गोष्ट, सवय. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे: एक हात थंड, एक गरम, आणि दोन्ही एकाच कोमट पाण्यात घातले. एक हात म्हणतो गार, दुसरा म्हणतो ऊन. इथे निफाडकरांना ते वेगळं सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला थंडीचा आकडा हिवाळ्यात पेपरात येतो. तोच आकडा इथल्या माणसाला वेगळा वाटतो आणि मुंबईहून आलेल्या पाहुण्याला वेगळा. कानाचंही तेच. जुन्या, मिटलेल्या आवाजाची सवय असेल तर नवा टोचतो. तोच नवा आठ दिवस वापरा, मग जुना घाला: "अरे, याच्यावर काय कांबळं टाकलंय का?" बऱ्याच जणांचा समज असतो की नवा हेडफोन शंभर तास वाजवला की 'मोकळा होतो'. यंत्रांनी मोजून बघितलं तर हा बदल अगदी नगण्य दिसतो. हेडफोन डोक्यावर अर्धा बोट सरकला तर त्याहून जास्त फरक पडतो. मोकळा होतो तो बहुतेक वेळा आपला कान.

चौथी गोष्ट, अपेक्षा. 1994 मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच श्रोते, तेच स्पीकर. एकदा पडद्याआड ठेवून गुण द्यायला सांगितलं, एकदा समोर दाखवून. समोर दिसल्याबरोबर गुण बदलले. मोठा, देखणा, नावाजलेला स्पीकर वर गेला. आणि हे श्रोते त्याच क्षेत्रातल्या कंपनीत काम करणारे होते, कुणी अडाणी नव्हते. म्हणजे चार आकडी किंमत मोजून आणलेला हेडफोन चांगला 'ऐकू येतो' यात लबाडी नाही. आपल्याला खरोखरच तसं ऐकू येतं. फक्त त्याचं कारण हेडफोनमध्ये नसतं.

मग कानावर भरवसा ठेवायचाच नाही का?

इथे काही जण दुसऱ्या टोकाला जातात. म्हणतात, सगळे मनाचे खेळ, वीस रुपयांचा आणि वीस हजारांचा सारखाच. तसंही नाही.

डेव्हिड ह्यूमने 1757 च्या एका निबंधात 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट घेतली आहे. शेजारी विंचूरला वाइन पार्क आहे, तेव्हा ती इथे सांगायला हरकत नाही. दोन जाणकारांना एका पिंपातली वाइन चाखायला दिली. एक म्हणाला, "उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव आहे." दुसरा म्हणाला, "उत्तम, पण लोखंडाची चव लागते." लोक हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी निघाली एक जुनी किल्ली, चामड्याची वादी बांधलेली. तयार जिभेला जे लागलं ते खरंच तिथे होतं. आणि ते सिद्ध कशाने झालं? पिंप रिकामं केल्याने. जाणकाराचं मत आणि पिंपाचा तळ, दोन्ही लागतात.

आपल्याकडे याचं सुंदर उदाहरण सांगलीचं आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. हिंदुस्थानी संगीतातल्या बावीस श्रुती नेमक्या कुठे आहेत, हा त्यांचा ध्यास. त्यांनी तारेची लांबी मोजून स्वर पकडायचे ठरवले, आणि सोबत घेतले अब्दुल करीम खाँसाहेबांना. खाँसाहेबांचा कान आणि गळा, देवलांची मोजपट्टी. 1910 मध्ये देवलांचं त्यावरचं पुस्तक आलं. पुढे त्यांच्या निष्कर्षांवर वाद झाले, ते आज बाजूला ठेवू. पण रीत बघा. कुणी असं म्हटलं नाही की मोजपट्टी आहे तर गवई कशाला, किंवा गवई आहे तर मोजपट्टी कशाला.

तुम्ही द्राक्षवाले हे रोज करता. मणी तोंडात टाकून गोडी कळते, तरी व्यापारी आला की रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब ठेवतोच. ब्रिक्स 18 आलं की वाद मिटतो. पण ब्रिक्स 18 म्हणजे घड चांगला, असं कुणी म्हणत नाही. कुरकुरीतपणा आहे, साल आहे, वास आहे. मोजमाप एका प्रश्नाचं पक्कं उत्तर देतं, बाकीचे उघडे ठेवतं.

हेडफोनचंही तसंच मोजमाप होतं. कृत्रिम कान असलेल्या पुतळ्यावर हेडफोन चढवतात आणि खालपासून वरपर्यंत कुठला स्वर किती जोरात येतो त्याचा आलेख काढतात. 2017 मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने 283 हेडफोनांचे असे आलेख तपासले आणि किंमत व आलेख यांत संबंध सापडला नाही. महागात मजबुती असेल, गोंगाट मारायची युक्ती असेल, नाव असेल. आवाजाचा समतोल पैशाबरोबर वाढतोच असं नाही. आणि शॉन ऑलिव्ह यांच्या नंतरच्या प्रयोगांत असंही दिसलं की नाव-किंमत लपवली तर बहुसंख्य श्रोत्यांना साधारण एकाच घाटाचा, समतोल आवाज आवडतो. म्हणजे आवड ही अगदीच वाऱ्यावरची गोष्ट नाही.

घरी तुलना कशी करावी?

जॉन स्टुअर्ट मिलने एक साधा नियम सांगितला आहे: कारण शोधायचं तर एकच गोष्ट बदला, बाकी सगळं जागच्या जागी ठेवा. आपण काय करतो? हेडफोन नवा, मोबाइल नवा, गाणं नव्या ॲपवर, आणि निकाल मात्र हेडफोनचा. तेव्हा असं करा.

गाणं एकच, फाइल एकच, मोबाइल एकच. आधी तानपुऱ्याचं ॲप लावा, सतत एकसारखा आवाज देतं, आणि त्यावर दोन्ही हेडफोनचा आवाज सारखा करून घ्या. तानपुरा आणखी एका कारणाने उपयोगी आहे. त्याची जवारी, ती झणझण, ती वरच्या बारीक स्वरांशांची बनलेली असते. हेडफोन वरचं खात असेल तर तार वाजेल पण जवारी विझलेली वाटेल. मग गाण्याचा छोटा तुकडा घ्या, दहा-पंधरा सेकंदांचा, आणि पटकन अदलाबदल करा, म्हणजे स्मृतीवर भार पडणार नाही. शक्य असेल तर डोळे मिटा आणि घरातल्या कुणाला तरी हेडफोन घालायला सांगा. वजनावरून कळेल हे खरं आहे, म्हणून ही चाचणी अगदी चोख होत नाही. पण दोन इअरफोन एकाच वजनाचे असतील तर चांगली होते. दहा वेळा करा, कुठला हे ओळखा आणि लिहून ठेवा. दहात पाच बरोबर आले तर नाणं उडवल्यासारखं आहे. नऊ किंवा दहा बरोबर नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता साधारण शंभरात एक. तेव्हा मान्य करावं की फरक खरा आहे.

आता ती तपासणी

सुरुवातीला म्हटलं होतं, ती ही. डोक्यावरचा हेडफोन घ्या, ज्याला डावी-उजवी बाजू आहे. समजा डाव्या बाजूने आवाज कमी किंवा मंद वाटतोय. हेडफोन काढा आणि उलटा घाला. डावी वाटी उजव्या कानावर, उजवी डाव्यावर. बस.

मंदपणा आता उजव्या कानाला वाटायला लागला, म्हणजे तो हेडफोनबरोबर फिरला. दोष हेडफोनचा, वायरचा किंवा मोबाइलचा. मंदपणा डाव्या कानालाच राहिला, हेडफोन फिरला तरी तो फिरला नाही. मग दोष कानाचा. मिलची सगळी पद्धत या एका कृतीत आली. एकच गोष्ट बदलली आणि काय बदलतं ते बघितलं.

कानाचा दोष म्हणजे घाबरायचं कारण नाही, पुष्कळदा नुसता मळ असतो. तो काडीने कोरू नका, डॉक्टरांकडून काढून घ्या. पण एका कानाचं ऐकू येणं अचानक, एक-दोन दिवसांत गेलं असेल, तर थांबू नका, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. त्यात दिवस मोलाचे असतात.

आता या तपासणीची मर्यादा. वयाबरोबर कान उतरतात ते बहुधा दोन्ही सारखे. मग उलटा घालून काही कळणार नाही. त्यासाठी दुसरा कान लागतो, तरुण कान. नातवाला तोच तुकडा, त्याच हेडफोनवर ऐकवा. त्याला शब्द स्वच्छ येतात आणि तुम्हाला येत नाहीत, तर उत्तर मिळालं.

हे कसं होतं ते थोडक्यात सांगतो. तरुण कान सुमारे 20 पासून 20,000 कंपनांपर्यंत ऐकतो. वयाबरोबर वरचं टोक उतरत जातं. सत्तरीत आठ-दहा हजारांच्या वरचं बहुतेकांना फारसं येत नाही. स्वर, म्हणजे अ-आ-ई-ओ, यांची ताकद खालच्या पट्ट्यात असते. पण 'स', 'श', 'फ', 'थ' यांचा घर्षणाचा अंश वरच्या पट्ट्यात असतो. मराठीत तर 'चमचा'मधला च आणि 'चहा'मधला च यांतला भेदही त्या बारीक घर्षणावर उभा आहे. वरचं गेलं की आवाज येतो, मोठा येतो, पण शब्द सुटत नाही. "ऐकू येतंय, पण कळत नाही." ही तक्रार आणि सुरुवातीची "हल्लीचे हेडफोन नुसते घुमतात" ही तक्रार, शेजारी शेजारी ठेवून बघा. आणि मग आपण करतो काय? आवाज वाढवतो. त्याने जे कमी येतं ते फारसं वाढत नाही, जे येतंय त्याच्यावर मार बसतो.

कानाची रीतसर तपासणी, ऑडिओमेट्री, तीही हेडफोन घालूनच होते. आणि तिथे जे हेडफोन वापरतात त्यातला एक, टीडीएच-39, गेल्या शतकाच्या मध्यापासूनच्या बनावटीचा आहे, आणि कितीतरी ठिकाणी आजही वापरात आहे. गाणं ऐकायला तो घेतलात तर निराश व्हाल. मग कान तपासायला तो का? कारण तो कुठे किती कमी दाखवतो, किती जास्त दाखवतो, हे नेमकं मोजून नोंदवलेलं आहे आणि दरवेळी तपासून घेतात. भरवशाचं साधन म्हणजे निर्दोष साधन नव्हे. ज्याचा दोष आपल्याला ठाऊक आहे, ते साधन भरवशाचं. हे हेडफोनला लागू आहे, तसंच ते कानाला आणि आपल्या मतांनाही लागू आहे.

तेव्हा, नवा की जुना? ज्याची गादी शाबूत, बसायला नीट, आवाज समान करून ऐकल्यावर जवारी ऐकू येते आणि शब्द सुटतो, तो चांगला. सालावर जाऊ नका, किमतीवरही नको. पण निकाल देण्याआधी एकदा तो उलटा घालून बघा.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: सर, मुलगा दिवसभर कानात घालून असतो. किती चालतं?

उत्तर: जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन असं आहे की 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास चालतील. प्रत्येक तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी. 90 ला आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात. बऱ्याच मोबाइलमध्ये ही पातळी दाखवण्याची सोय आलेली आहे, ती त्याच्याकडूनच लावून घ्या, म्हणजे भांडण होणार नाही. एसटीत, रस्त्यावर लोक गोंगाटावर मात करायला आवाज वाढवतात. तिथे गोंगाट मारणारा हेडफोन खरंच हिताचा, कारण आवाज कमी ठेवता येतो. रस्ता ओलांडताना मात्र तो काढायचा.

प्रश्न: श्रवणयंत्र लावलं की लोक म्हातारा म्हणतात, म्हणून आमचे वडील लावत नाहीत.

उत्तर: वडिलांना चष्मा आहे ना? तो लावताना कुणी काही म्हणालं? त्यांना आधी तपासणीला घेऊन जा, यंत्राचा विषयच काढू नका. आलेख हातात आला की माणूस स्वतःच विचार करतो. आणि एक करा. त्यांच्याशी ओरडून बोलू नका. समोर बसून, जरा सावकाश बोला. ओरडलं की स्वर मोठे होतात, 'स' आणि 'श' तिथेच राहतात.

प्रश्न: तुम्ही स्वतः कुठला वापरता?

उत्तर: वायरवाला, जुना. दोनदा गाद्या बदलल्यात. पण माझ्यावर जाऊ नका, आठ हजारांच्या वरचं मला आता येत नाही. तुमचा हेडफोन तुमच्या नातीच्या कानाने निवडा आणि तुमच्या कानाने वापरा.